बसून फुटबॉल दिसत नाही

मॅच चालू असताना मामांना बसलेलं पाहिलंय असं म्हणणारा माणूस बालाघाटात सापडला तर मला कळवा, त्याला माझ्याकडून चहा. नाहीच सापडणार. मैदानाच्या डाव्या रेषेवर, कोपऱ्यातल्या झेंड्यापासून मधल्या रेषेपर्यंत आणि परत, नव्वद मिनिटं त्यांची फेरी चालू असायची. पायात टायरच्या चपला, पँट घोट्यापर्यंत दुमडलेली, हात पाठीमागे. कोणी दया येऊन खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "ठेव तिकडंच. बसून फुटबॉल दिसत नाही गा."

मला या वाक्याचा राग यायचा, कारण मी बसायचो. माझं फ्लेक्स छपाईचं दुकान मैदानाच्या फाटकासमोरच आहे आणि क्लबचा सेक्रेटरीही मीच. दुकानातली खुर्ची उचलून आणायची, रेषेजवळ टाकायची, आणि मग नव्वद मिनिटं मामांनी माझ्या डोळ्यांसमोरून चाळीस वेळा जायचं. "मामा, बाजूला व्हा ना!" म्हणून मी ओरडायचो. "तू उठ ना," असं चालता चालताच उत्तर यायचं.

मामा, म्हणजे सगळ्या क्लबचेच मामा, सरकारी रोपवाटिकेत माळी होते. किरनापूरहून रोज पहिल्या बसने यायचे, ड्युटीआधी मैदानावर एक तास, ड्युटीनंतर दोन. फुटबॉल ते स्वतः कधी खेळले की नाही, मला ठाऊक नाही. विचारलं तर "खेळनारे बहुत हायेत" म्हणून गवताला पाणी द्यायला लागायचे. त्यांचं खरं काम होतं गवत. आमचं मैदान म्हणजे पूर्वी मुरमाड पडीक जागा, गुडघे सोलून निघायचे. मामांनी डाव्या कोपऱ्यात दोन हात लांब, दोन हात रुंद वाफा करून हरळी लावली आणि क्लबला एक नियम घालून दिला. जो नवीन येईल त्याने आधी आपला वाफा लावायचा. गवत धरलं की मग बॉलला पाय. गोलकीपर असो की सेक्रेटरी, सुटका कोणालाही नाही.

मी माझा वाफा लावला तेव्हा तो दोनदा जळला. मामा अंगठ्याने माती दाबून पाहायचे आणि मान हलवायचे. "सेक्रेटरीसाहेब, पानी फोनवर देऊन राह्यले का?" सगळी पोरं खिदळली. तिसऱ्यांदा गवत धरलं तेव्हा मात्र मी बायकोला मुद्दाम दाखवायला घेऊन गेलो होतो, हे कबूल करतो.

अशी वाफ्याला वाफा लागून, मधे हरळी पसरत, वर्षानुवर्षांत मैदान हिरवं झालं. क्लबच्या बैठकाही तिथेच व्हायच्या. प्रत्येकाने आपापल्या वाफ्यावर उभं राहायचं आणि बोलायचं. उभ्याने माणूस फार लांबण लावत नाही, हा त्यातला फायदा. शिवाय पायाखाली आपण लावलेलं गवत असलं की जीभ जरा जपून चालते. हे मला फार उशिरा कळलं.

आता तुम्ही म्हणाल, इतकं सगळं गोड होतं तर अडलं कुठे? अडलं इथे की आम्ही हरायचो. कटंगीत हरलो, राजेगावात हरलो, घरच्या मैदानावर तर फारच प्रेमाने हरलो. एखादा पोरगा चांगला निघाला की गोंदियाचे लोक त्याला बूट आणि जेवणाचं आमिष दाखवून घेऊन जायचे. आमच्या जाळीला इतकी भोकं होती की गोल झाला की बॉल बाहेरून गेला यावर भांडणं व्हायची. मला हे सोसत नव्हतं. मी इंग्लंडमधल्या ज्या क्लबचा भक्त आहे, तोही असाच वर्षानुवर्षं मार खाणारा. मग एका तेलवाल्या अब्जाधीशाने तो विकत घेतला आणि बघता बघता कपाट करंडकांनी भरून गेलं.

बसस्टँडजवळच्या टपरीवर सकाळी मोबाइलवर आदल्या दिवशीचे गोल पाहत आम्ही यावरून भांडायचो. मामांचा क्लब जर्मनीतला कुठलासा, त्याचं नाव त्यांना नीट घेताही यायचं नाही. तिथे गावकरीच मालक असतात असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, तेवढ्यावर त्यांनी आपली निष्ठा वाहून टाकली होती.

"मामा, पैसा ओतल्याशिवाय कप येत नाही. आमचंच बघा."

"आमचं म्हनतेस. त्यानं इकत घेतला तवा तुले इचारलं होतं का?"

"मी बालाघाटात राहतो, मला कशाला विचारेल तो?"

"मंग तितल्या लोकाइले तरी इचारलं का?"

"लोक खूश आहेत ना मामा! जिंकतायत!"

"हौ, खूश असतीन," मामा बशीत चहा ओतत म्हणायचे. "तो उद्या उठून गेला त काय करतीन, येवढंच मी इचारून राह्यलो."

 अडलो की माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड. मी म्हणायचो, तुमच्या त्या गावकऱ्यांच्या क्लबने शेवटचा कप कधी जिंकला ते सांगा. मामा हसायचे आणि ड्युटीची वेळ झाली म्हणून निघायचे.

मग आमच्याकडेही एक शेठ आले. खाणींवर ट्रक लावणारे, पन्नाशीचे, बोलायला मऊ. त्यांना खलनायक करायची माझी इच्छा नाही. माणसाला खेळाची खरोखर आवड होती, पेनल्टी चुकली की स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यायचे. त्यांनी क्लब पूर्ण आपल्याकडे घ्यायची तयारी दाखवली. बाहेरचे खेळाडू, कोच, जाळ्या, बूट, सगळं त्यांचं. बदल्यात निर्णयही त्यांचे. "मुझे और कुछ नहीं चाहिए, बस टीम जीतनी चाहिए," म्हणाले. मला तर गळ्यातच पडावंसं वाटलं.

बैठक शेठच्या फार्महाउसवर ठेवली. पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्या, डोक्यावर मांडव, गरम समोसे, थंड मठ्ठा. मामा मांडवाच्या खांबाला धरून मागे उभे. हात वर करायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "हा सवाल मैदानावर इचारा. ज्याले त्याले आपल्या वाफ्यावर उभं करून इचारा. मंग मी बी जे होईन ते मानतो."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. सेक्रेटरी मी. आणि मी म्हणालो, "मामा, ऊन पाहताय ना किती आहे? इथेच उरकून टाकू."

लोक हसले. मीही हसलो. हात वर झाले, माझा सगळ्यांत आधी. मामांचा हात खांबावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होतो. मामा डाव्या कोपऱ्यात कुदळ घेऊन उभे. त्यांनी आपला वाफा, आमच्या मैदानातला पहिला वाफा, चारी बाजूंनी कापला, मुळांसकट उचलला, ओल्या पोत्यात गुंडाळला आणि खांद्यावर टाकून बसस्टँडकडे निघाले. मी शटर अर्ध्यावर धरून विचारलं, "मामा, हे काय?"

"माह्या हातचं येवढंच हाये. बाकीचं ज्याचं त्यानं पाहा."

"रागावलात?"

"नाई गा. काहून रागावू?" असं म्हणाले आणि गेले. कंडक्टरने पोत्याचं तिकीट मागितलं म्हणे, यावरच आम्ही आठवडाभर हसत होतो. त्याच महिन्यात मामा नोकरीतूनही निवृत्त झाले आणि त्यांचं बालाघाटला येणं संपलं. कोपऱ्यातल्या त्या चौकोनी खड्ड्यात मुरूम भरून टाकला.

पुढचं वर्ष आम्ही जिंकलो, खोटं कशाला बोलू? गोंदियाच्या ज्या संघाने आमची पोरं पळवली होती त्यांना चार गोल मारले. मी शेठचा वीस फुटी फ्लेक्स छापला, जिलेबी वाटली, भर मैदानात नाचलो. नाचताना एकदा सहज डाव्या रेषेकडे पाहिलं. तिथे कोणीच चालत नव्हतं, आणि त्यानंतर माझं नाचण्यात मन लागेना.

आपली पोरं बाकावर बसू लागली. बाहेरच्यांना सरावाला वेळ हवा म्हणून क्लबच्या मुलींच्या संघाचा सराव बंद झाला. माझी मुलगी प्रज्ञा त्या संघात डाव्या विंगवर खेळायची. तिच्या गवताला मामांनी एका अंगठ्यात पास केलं होतं, हे ती मला सारखं ऐकवायची. घरी येऊन तिने बूट माळ्यावर टाकले. मग शेठच्या कोचला आमचं गवत ओबडधोबड वाटलं. ते खरवडून काढलं आणि नागपूरहून ट्रकमधून सतरंजीसारखं गुंडाळलेलं गवत आणून अंथरलं. दिसायला काय दिसत होतं! मी फोटो काढत असताना प्रज्ञा मागे येऊन उभी राहिली. शाळेच्या हिंदीत म्हणाली, "पप्पा, मेरा वाफा किधर गया?"

मी म्हणालो, खाली असेल. मला माहीत होतं, खाली नव्हता.

दुसऱ्या वर्षी शेठचं मन कुठल्याशा मोठ्या शहरातल्या क्रिकेट लीगमध्ये गुंतलं. भांडण नाही, तंटा नाही. एक दिवस मॅनेजर आला, जाळ्या, पाण्याचा पंप, दिवे घेऊन गेला. क्लबचा व्हॉट्सॲप ग्रुपसुद्धा त्याच्याच हातात होता, तोही बंद झाला. पंप गेल्यावर नागपूरचं गवत मे महिना काही काढू शकलं नाही. हाताने धरून ओढलं तर चटईसारखं उचलून येत होतं. मैदान पुन्हा पहिल्यासारखं मुरमाड झालं.

मामांकडे जायला हवं, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण गेलो नाही. किरनापूर काय लांब आहे का? तासाभराचा रस्ता. रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी काम काढायचो. जाऊन म्हणणार काय? ऊन होतं म्हणून चुकलो? दुकानासमोरून किरनापूरची बस गेली की मी कंप्यूटरमध्ये तोंड खुपसायचो. असे पाच-सहा महिने गेले. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

शेवटी प्रज्ञानेच बूट खाली काढले आणि म्हणाली, "आप नहीं जाओगे तो मैं अकेली जाऊँगी." मग गेलो.

दार मामींनी उघडलं. कपाळ मोकळं होतं. मला विचारावं लागलं नाही.

"दीड महिना झाला, भाऊ. तुमाले कोनं सांगतलं नाई का?"

मी कुठल्या तोंडाने सांगणार की ज्या ग्रुपवर सांगायचं तो ग्रुपच उरला नव्हता? मी ओसरीवर मान खाली घालून बसलो. मामींनी पाणी दिलं आणि प्रज्ञाला हाताशी धरून मागे नेलं. थोड्या वेळाने प्रज्ञाने मला हाक मारली.

मागचं सगळं अंगण हिरवं होतं. विहिरीपासून कुंपणापर्यंत हरळी. त्या एका पोत्यातून एवढी. गाय पलीकडे आखूड दोराने बांधलेली, आणि मधे बोरीच्या काट्यांचा आडोसा.

"गाईले इकडं येऊ देत नोते," मामी म्हणाल्या. "मी म्हनो, कायचं गवत हाये, खाईन बिचारी. त म्हनत, ते क्लबचं हाये, आपलं नाई. बालाघाटचे येतीन, तवा काय देशीन?"

मामींनी काट्यांचा आडोसा नीट केला. मग म्हणाल्या, "बसच्या टायमाले रोज फाटकात जाऊन उभे राहत. मी म्हनो, पाय दुखते त बसा. बसत नोते."

मला त्या दिवशी रडू आलं, मुलीसमोर, मामींसमोर, आणि मी ते लपवलंही नाही. एक बस चुकून जरी पकडली असती, तरी मामा भेटले असते.

पुढच्या पावसाळ्यातल्या पहिल्या पावसात आम्ही पोत्यांतून ते गवत आणलं. डाव्या कोपऱ्यातला मुरूम मी माझ्या हाताने उकरला आणि मामांचा वाफा आधी भरला. मग ज्याने त्याने आपापला. प्रज्ञा अंगठा दाबत फिरत होती. माझ्या वाफ्याशी येऊन मान हलवून गेली.

आणि आता गेल्या रविवारची गोष्ट. एक राइस मिलवाले आले आहेत. चांगले आहेत, तरुण आहेत, क्लब घ्यायचा म्हणतात. बूट देतो म्हणतात, मुलींनासुद्धा. पोरं गरजू आहेत हो, त्यांच्या बुटांचे तळवे मी पाहतो ना!  खरं सांगतो, पुन्हा हो म्हणावंसं वाटतंय.

बैठक मैदानावर बोलावली. दुपार होती, ऊन मरणाचं. जो तो आपल्या वाफ्यावर उभा, कोपऱ्यातला एक वाफा तेवढा मोकळा. मिलवाल्यांच्या माणसाने छोट्या ट्रकमधून खुर्च्या आणल्या होत्या. त्याने एक उघडली, पुसली आणि माझ्या मागे आणून ठेवली. "बैठिए ना, सेक्रेटरीसाहब, आराम से बात करते हैं."

माझे गुडघे दुखत होते. मी बसलो नाही.