आत कोण आसा?

अडकलेल्या कॉम्प्युटरचं बटण दाबायला काकांचा हात कधी उठला नाही. पडदा गोठला, बाण हलेना, पोरं बटणाकडे धावली, की काका खुर्ची ओढून त्या यंत्रासमोर बसायचे, दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "रव जरा." आमच्या मालवणीत रव म्हणजे थांब. कणकवलीच्या आमच्या कॉलेजात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. पोरांनी त्यांचं नाव रवजराकाका ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

मी त्यांच्या हाताखाली लॅब असिस्टंट म्हणून लागले तेव्हा मला या माणसाचा भयंकर राग यायचा. अहो, बटण दाबलं की चुटकीसरशी काम होतं, तिथे हा गृहस्थ ध्यान लावून बसणार. त्यांचं म्हणणं असं, की लॅबमधल्या सगळ्यांचं सामान एकाच सर्व्हरवर, त्या कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत. पोरगा कुठल्याही खुर्चीवर बसला तरी त्याचं फोल्डर तिथून येऊन त्याच्यासमोर हजर. मधेच त्या खोलीतली लाईट गेली, सर्व्हर पडला, की समोरचा कॉम्प्युटर त्याला हाका मारत बसतो. थोड्या हाका मारून नाद सोडून द्यायला त्याला शिकवता येतं. काकांनी ते कधीच शिकवलं नाही. "सोडून दिल्यान तर पोराचा अर्धा लिवलेला खराब होता," ते म्हणायचे. "वाट बघलेली बरी. येतलो तो." आणि खरंच, सर्व्हर उठला की पोराचं काम होतं तिथून पुढे सुरू व्हायचं. मग मला आणखी राग यायचा.

कुठलं फोल्डर कुठल्या कॉम्प्युटरला द्यायचं, कुणी नुसतं वाचायचं आणि कुणी लिहायचं, याच्या ओळी सर्व्हरवर लिहाव्या लागतात. त्या ओळीत कॉम्प्युटरचं नाव आणि पुढचा कंस यांच्यात चुकून एक मोकळी जागा सुटली, की ते फोल्डर साऱ्या जगाला लिहायला खुलं. एका नव्या सरांकडून ती सुटली. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या परिपत्रकांमध्ये कुणीतरी आपल्या गावच्या दशावताराची जाहिरात टाकली. प्राचार्य तापले. काका त्यांच्या केबिनमध्ये गेले की शुद्ध मराठीत बोलायचे. "सर, किरकोळ चूक होती, दुरुस्त केली आहे," एवढंच म्हणाले, कुणाचं नाव घेतलं नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "फाटक उघडा टाकलास तर गुरा शिरतलीच गो. तेंका कित्याक बोल लावतंस?"

सर्व्हर ज्यावर चालायचा त्या युनिक्सवर त्यांचा जीव होता, कारण तो त्यांच्यासारखाच मितभाषी. आज्ञा द्या, काम झालं तर तो चकार शब्द काढत नाही, नुसती पुढची रिकामी ओळ दाखवतो. नवी पोरं गोंधळायची, झालं की नाही म्हणून पुन्हा पुन्हा तेच टाईप करायची. काका सांगायचे, "काम झाला की तो गप. बोललो तर समजायचा, कायतरी बिनसला."

आणखी एक चूक पोरं दरवर्षी करायची. सर्व्हरवरचं फोल्डर आपल्या कॉम्प्युटरपासून सोडवायचं असतं, आणि पोरगा स्वतःच ते उघडून त्याच्या आत उभा. मग ते सुटत नाही, कुणीतरी वापरतंय असा निरोप पडद्यावर येतो. पोरगा कावराबावरा. काका कुणाच्या दारात उभं राहून विचारावं तसं मोठ्याने विचारायचे, "आत कोण आसा?" सगळी लॅब हसायची. "तूच आसस मरे. आदी भायर ये, मगे सोडव."

काका गावच्या घरात एकटे राहत. बायको गेलेली, मुलगा नितीन कॅनडात. नितीन आमच्याच कॉलेजात शिकला. मे महिन्यात आम्ही पास झालेल्या पोरांची फोल्डरं काढून टाकायचो. नितीनचं मात्र तसंच राहिलं, फक्त काकांच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला दिलेलं. तिकडून त्यात शिरायची वाट काकांनीच त्याला करून दिली होती, आणि सुरुवातीला तो त्यात फोटो टाकायचा. बर्फ, बस, कुठलंसं स्वयंपाकघर. मग ते थांबलं. काका तरी रोज सकाळी आल्या आल्या डबा टेबलावर ठेवून ते फोल्डर बघायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "काय बदलला काय बघतंय."

भांडण असं नव्हतंच. फोनवर काका म्हणायचे, "तू ये रे. घर हंय आसा." पलीकडून काय येत असेल ते पुढच्या वाक्यावरून कळायचं. "मी थंय येवन काय करू? बसान रवू?" मुलगा म्हणणार तुम्ही या, बाप म्हणणार तू ये. दोघांनीही एकमेकांना हाका मारत बसायचं. चतुर्थीला अख्खं कोकण घरी येतं, कणकवली स्टेशनात पाय ठेवायला जागा नसते, आणि काकांच्या घरी गणपतीसमोर आरतीला ते एकटे. त्यांनी स्वतः केलेले मोदक सुट्टीनंतर मला मिळायचे.

दसऱ्याला ते सर्व्हरसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. "बा देवा म्हाराजा, ह्या पोरांची जी काय कामां ह्या यंत्रात आसत, ती सांभाळ रे म्हाराजा." आम्ही सगळे म्हणायचो, "व्हय म्हाराजा." मग आवाज जरासा उतरायचा. "आणि जे कोण लांब गेले आसत, तेंका सुखान घराक घेवन ये रे म्हाराजा." त्या ओळीला पोरं सगळ्यात जोरात व्हय म्हणायची. त्यांना सगळं माहीत होतं.

काका निवृत्त झाले त्याच सुमारास कॉलेजने सगळं सामान इंटरनेटवर हलवायचं ठरवलं. सर्व्हर बंद करायचं काम काकांनी स्वतःकडे मागून घेतलं. शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी एकेका कॉम्प्युटरची फोल्डरं सोडवली. सगळे गप सुटले. उरला त्यांचा कोपऱ्यातला. नितीनचे फोटो मी आधीच पेनड्राइव्हवर घेऊन त्यांच्या पिशवीत टाकले होते. काकांनी आज्ञा दिली आणि निरोप आला, कुणीतरी वापरतंय.

"आत कोण आसा?" काका सवयीने म्हणाले. लॅब रिकामी होती, हसायला कुणी नव्हतं.

आत कोण आहे ते विचारायचीही एक आज्ञा असते. ती मी दिली. उत्तरात एकच नाव आलं, काकांचं. त्यांनी पडद्यावरच्या खिडक्या एकेक करून बाजूला सारल्या. सगळ्यांच्या मागे एक छोटी काळी खिडकी होती, नितीनच्या फोल्डरमध्ये उघडलेली. कधी उघडली होती देव जाणे. तो कॉम्प्युटर ते कधी बंदच करत नसत.

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी म्हटलं, "रवा काका, घाई नाही."

"मीच आसंय गो," ते म्हणाले. "पोरांका सांगत रवलंय, आणि मीच आत बसलंय." मग पुढे वाकून त्यांनी दोन अक्षरं टाईप केली, त्या फोल्डरमधून बाहेर आले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "आता सोडव."

मी सोडवलं. पडद्यावर रिकामी ओळ आली. काकांनी तिथूनच मुलाला फोन लावला. तिकडे पहाट असणार. "मी येतंय रे," एवढंच म्हणाले.

घराची किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन काका कॅनडाला गेले. काचेच्या खोलीत आता कागदाचे गठ्ठे आहेत. हल्लीचे कॉम्प्युटर हाका मारत बसत नाहीत, फोल्डर मिळत नाही, नंतर बघा, असं सांगून मोकळे होतात. मला ती लॅब खायला उठते. काकांची फार आठवण येते. चतुर्थीला मी त्यांना मेसेज केला, मग दसऱ्यालाही. उत्तर नाही. आमचे सर विचारतात, "काय गं, काकांची काही खबर?"

मी सांगते, गप आहेत. म्हणजे काम झालं.