कमळजामाईपाशी शिकलेले ऱ्हस्व-दीर्घ

व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेत मी शुद्धलेखनात नापास झालो, तेव्हा देवानेच दार लावून घेतलं असं माझ्या मनानं धरलं. मी मूळचा कोकणातला. शाळा दुसरीतच सोडून मामाबरोबर इकडे वऱ्हाडात आलो आणि नांदुऱ्याच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या वजनाच्या चिठ्ठ्या लिहीत मोठा झालो. चिठ्ठ्या मोडीत. मोडीत वेलांटी एकच, उकारही एकच. ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही. तिशी उलटल्यावर तिथल्या शाळेच्या हेडमास्तरांनी मला हाताशी धरलं. फायनल पास झालात तर शाळेत मास्तर म्हणून घेऊ, म्हणाले. जन्मात दुसरं काही मी एवढ्या आशेनं मागितलं नव्हतं. निकालानंतर ते एवढंच बोलले, "तुमचा हात मोडीचा पडला हो. 'फूल' आणि 'फुलं', दोन्हींत तुम्ही उकार सारखाच काढता." नियम मला पाठ होते, पण परीक्षेत छाती धडधडू लागली की हात आपल्या जुन्या वाटेनं जायचा.

मी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. जिनात कापूस तोलणारे तोलारी गफूरभाई मला परीक्षेला बसल्यापासूनच थट्टेनं मास्तर म्हणत. नवरात्रात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, ते म्हणाले, "मास्तर, तोंड काऊन असं? मी सासुरवाडीले लोणारले जाऊन राह्यलो. चला संगं. तुमची माय तळ्याकाठी बसली हाय, तिच्यापाशी तक्रार करा. माह्यापाशी करून काय होते?" मेहकरपर्यंत मोटार आणि पुढे बैलगाडी असे आम्ही पोचलो. कड्यावर मला सोडून ते सासऱ्यांकडे गेले.

झाडीतून खाली उतरलो, तळ्याकाठच्या देवळात देवी कमळजामाईपुढे हात जोडले आणि खरंच तक्रारच केली. पास कर, नाहीतर ही शिकायची ओढ तरी काढून घे. मंडपात बायका टाळ्यांवर गाणं म्हणत होत्या. एक म्हातारी पुढे म्हणे, बाकीच्या मागून. "एक फूल तुले माय, सारी फुलं रानाले." मीही त्यांच्यात बसलो, पण माझं म्हणणं सगळ्यांच्या पुढे धावायचं. म्हातारीनं टाळी थांबवली.

"काऊन रे बाबू, मांगं बैल लागला काय?"

बायका हसल्या. मी ओशाळलो.

"गानं थांबते तिथं थांब, चालते तिथं चाल. माय कुठं पळून नाही जाऊन राह्यली."

पुन्हा म्हटलं. 'फूल'च्या दीर्घ 'फू'वर सगळ्यांचा आवाज थांबला, 'फुलं'च्या ऱ्हस्व 'फु'वरून भरभर पुढे गेला. ज्या शब्दांवर मी पडलो होतो, तेच शब्द कुणीतरी माझ्या कानात वेगवेगळे करून ठेवत होतं. त्या म्हातारीला माझी परीक्षा ठाऊक नव्हती. हा योगायोग असेल. मी वाद घालत नाही. पण मी वर चढलो तो पुस्तकं पुन्हा काढायची, हे ठरवूनच.

मग हिवाळाभर मी प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणून लिहिला. जिथं कान पुरला नाही, तिथं नियम घोकलेच. पण आता नियम आठवायला मन थाऱ्यावर असायचं. जिनातल्या गाडीवानांना वाटे, मी मंत्र जपतो. परीक्षेत शुद्धलेखन सुरू झालं तेव्हा छाती धडधडलीच. पण जिथं थांबायचं तिथं मी थांबलो. पेपर देऊन बाहेर आलो आणि मनात म्हटलं, माझ्या हातातलं मी केलं, आता हे तुझं.

ऐन उन्हाळ्यात एका दुपारी हेडमास्तर स्वतः जिनाच्या फाटकाशी आले. घामानं सदरा भिजलेला. मी त्यांना सावलीत बसवलं आणि माठातलं पाणी आणलं.

"अहो, निकाल विचारत नाही?"

"आधी पाणी प्या," मी म्हटलं.

ते पाणी प्यायले. मी पास झालो होतो, हे त्यांनी नंतर सांगितलं. आनंद झाला, डोळेही भरले. पण जन्मभर काळजीनं पोखरलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या हातून, निकाल कळायच्या आधीच्या त्या घटकेला, पाण्याचा एक थेंबही सांडला नाही. मायच्या कृपेचा मला कुणी पुरावा विचारला, तर मी हाच सांगतो.