पहिल्या गाण्याआधीचा श्वास

हेडफोन लावला की काचेपलीकडच्या माणसाने गिळलेला आवंढासुद्धा ऐकू येतो. मी रेकॉर्डिस्ट आहे, मला त्याची सवय आहे. पण त्या दुपारी एकोणीस वर्षांच्या ईशाचा श्वास ऐकून मीच घाबरलो. तिचं हे पहिलंच गाणं होतं. माइकसमोर ती दोन्ही हातांनी ओढणी पिळत उभी होती.

"दादा, चुकलं तर पुसता येईल ना?"

"येईल की."

"आणि चांगलं झालं तर?"

"मग ते राहील."

ते ऐकून ती आणखीच बावरली. घरात गायलेलं गाणं हवेत विरून जातं. इथे मात्र आवाज आपल्या हातून सुटतो आणि आपण नसू तिथेही गात राहतो. इतकी वर्षं आवाज टिपूनही मला हे कधी सुचलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी ती डोळे मिटून गायली, सुंदर गायली. मी ते तिला ऐकवलं, तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आता हे कुणीही ऐकणार?"

"हो."

तासाभरापूर्वी एकटीच स्कूटरवरून आलेली ती मुलगी, बाहेरचा प्रत्येक जण आता आपल्याला ओळखणार अशा नजरेने दाराकडे बघत, हळूच म्हणाली, "दादा, मला घरी सोडायला कुणी येईल का?"