जुना आवाज परत मिळण्याबाबत

वऱ्हाडात जुन्या गाड्या पुष्कळ आहेत. परंतु आपली गाडी बरी होऊ नये म्हणून इतक्या निष्ठेने झटणारा मालक माझ्या साडूंखेरीज दुसरा झाला नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने नमूद करतो. अमरावतीच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली बसून मी आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहीत आलो. विचित्र माणसे ओळखण्याचा माझा अधिकार त्या झाडाइतकाच जुना आहे.

अमरावतीहून निघून त्यांची पांढरी गाडी वलगावच्या वेशीत शिरली की गुरे आपण होऊन रस्ता सोडत. हॉर्न बंद पडला त्याला जमाना झाला, आणि त्याची उणीव कुणालाही भासली नाही. एक्सल झिजलेला, शॉकअप बसलेले, बुश नावापुरते उरलेले. रस्त्यावर साधा खडा आला तरी गाडीच्या पोटातून भांड्यांचे दुकान उलथल्यासारखा आवाज उठे. साडूंना त्याचा केवढा अभिमान! त्यांच्या मते या आवाजाचे फायदेच फायदे होते: कुणी फुकट बसायला मागत नाही, चोर हात लावत नाही, आणि आपण कोपऱ्यावर असतानाच यजमानाच्या घरी चहाचे आधण चढते. गॅरेजवाल्या रहीम मिस्त्रींनी एकदा गाडीखाली डोकावून पाहिले आणि बाहेर येत म्हणाले, "भाऊ, हे गाडी नाही, वरात आहे. नवरदेव तेवढा कुठी दिसून नाही राहिला." त्यावर साडू शांतपणे उत्तरले, "खडखडू द्या तिले. पोटात काई ठेवत नाही, हाच तिचा गुन."

गाडीत त्यांच्या शेजारी माई बसत. माई म्हणजे त्यांची पत्नी, माझ्या पत्नीची थोरली बहीण. घरात त्या अत्यंत अबोल. स्वयंपाकघरात आहेत की नाहीत, हे फोडणीच्या वासावरूनच समजावे. गाडी सुरू झाली मात्र की त्यांचे ओठ हलू लागत आणि मुक्काम येईपर्यंत हलत राहत. मागच्या आसनावर मला खडखडाटाखेरीज काही ऐकू येत नसे. साडूही अधूनमधून कानाला हात लावून ओरडत, "काय म्हनून राहिली वं? आयकू नाही येत." माई हात झटकून पुन्हा खिडकीकडे पाहत बोलू लागत. आम्हा सर्वांची खात्री होती की गाडीने या गृहस्थाचे कान कायमचे नेले.

हा सुखाचा संसार मोडला तो पोटच्या पोरीने. लेक पातूरला दिलेली. पहिल्या बाळंतपणासाठी तिला अमरावतीस आणायचे ठरले. जावयाने नम्रपणे कळवले की त्या गाडीतून आणणार असाल तर बाळ अकोल्यातच उतरून घेईल. सबब रहीम मिस्त्रींकडे गाडी गेली. त्यांनी एक्सल बदलला, शॉकअप नवे घातले, बुश बसवले, आणि लेक झुल्यात बसल्यासारखी माहेरी आली.

त्यानंतरच्या आठवड्यात साडू माझ्या टेबलासमोर येऊन बसले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "एक अर्ज लिहा. रहीम मिस्त्रीले. विषय, जुना आवाज वापस देन्याबाबत."

मी लेखणी खाली ठेवली. बिघडवून मिळण्यासाठी माझ्याकडे आलेला हा पहिलाच अर्ज होता.

"तुमची साळी गप झाली," ते हळूच म्हणाले. "पातूरहून अमरावतीपर्यंत एक शब्द नाही. जेवन बी धड नाही. मनात काई तरी आहे तिच्या, अन् आता मले समजनार कसं?"

"पण तुम्हाला ऐकू कुठे येते?"

"सारं येते. आपल्याले कोनी आयकत नाही असं वाटलं, तरच ते बोलते. म्हनून तर मी आयकत नव्हतो."

मग एकेक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माईंना अचानक मिळालेले जांभळे लुगडे, न सांगता बदललेला गळका नळ, माहेरच्या लग्नाला ऐनवेळी निघालेले साडू. हे सारे आपल्या उपवासांचे फळ आहे, असे माई माझ्या पत्नीस सांगत असत.

रहीम मिस्त्रींनी विषय वाचताच अर्ज परत केला. "बरी केलेली गाडी मी बिघडवू? मले दुकान चालवाचं आहे भाऊ." उपाय अखेर मीच सुचवला, हे विनयाने लिहितो: काढलेला एक्सल आणि जुने शॉकअप डिकीत मोकळे टाकावे. मिस्त्रींनी विचार केला आणि एकच अट घातली. "वहिनीनं इचारलं तर नाव माह्यं नका घेऊ. पातूरच्या मिस्त्रीनं बिघडवली म्हना."

लेकीची सुखरूप सुटका व्हावी म्हणून आम्ही गुरुकुंज मोझरीस निघालो. डिकीत वरात पुन्हा वाजू लागली. मी झोपेचे सोंग घेऊन कपाळ पुढच्या आसनाला टेकवले. अमरावती मागे पडली आणि माई बोलू लागल्या. खिडकीबाहेरच्या तुरीला उद्देशून म्हणाल्या, "पोरगी बाळ घेऊन जाईल सासरी. मंग त्या घरात मी बोलू कोनासंग?"

साडूंचे हात स्टिअरिंगवर थांबले. इतक्या वर्षांचे बहिरेपण त्यांनी त्या एका क्षणात टाकले. म्हणाले, "माह्यासंग बोल."

माईंनी कानाला हात लावला. "काय म्हनून राहिले? आयकू नाही येत."

पण पदराचे टोक ओठांशी गेले होते, आणि त्यामागे त्या हसत होत्या. तेव्हा मला ते लुगडे पुन्हा आठवले. जांभळे, बारीक काठाचे, फार भारी नको. उपवासाने मिळणाऱ्या वस्तूला इतका तपशील कधी लागत नाही; तो ऐकणाऱ्यालाच सांगावा लागतो.

नातू झाला, पातूरला गेलाही. ती गाडी अजून तशीच वाजत जाते, आणि काचेआड दोन्ही बाजूंचे ओठ हलताना दिसतात.

माझ्या मुलाने यंदा नवी गाडी घेतली आहे. आत बसले की इंजिन सुरू आहे की बंद, हेही कळत नाही. परवा अकोल्याहून परतताना शेजारी पत्नी काही पुटपुटल्याचा भास झाला, म्हणून मी विचारले, "काय?"

"काई नाही," ती म्हणाली.

रहीम मिस्त्रींकडे एखादा झिजका एक्सल पडला आहे काय, याची मी चौकशी करून ठेवली आहे.