चिकटवलेलं पोट

माझ्या आत्याला संग्रहालयात सगळे पोटफोडी म्हणायचे, आणि तेही तोंडावर. तिला त्याचा राग येत नसे. राग यायचा तो कुणी 'फुलपाखरंवाल्या बाई' म्हटलं की. "फुलपाखरं दिवसाढवळ्या मिरवतात, त्यांचं कौतुक कुणीही करील," असं म्हणून ती समोरच्याला गप्प करायची. तिचा सगळा जीव पतंगांवर. त्यामुळे आमची पंचाईत व्हायची. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. "माझी बहीण पतंगांचं काम करते," असं त्यांनी सांगितलं की गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "उडवतात की विकतात?"

पोटफोडी हे नाव मात्र खोटं नव्हतं. दोन सारखे दिसणारे पतंग एकाच जातीचे की वेगळ्या, हे नुसत्या पंखांवरून दर वेळी कळत नाही. रंग विटतो, खवले झडतात, पंख चक्क फसवतात. मग नराचं पोट मोडून घ्यायचं, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करायचं, बारीक कुंचल्याने साफ करायचं आणि त्याच्या टोकाला मादीला धरण्यासाठी ज्या दोन पकडी असतात त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. जात वेगळी असली की बहुतेकदा पकडीची घडणही वेगळी निघते. हे सगळं ती आम्हाला जेवताना सांगायची. आई वैतागायची. "वन्सं, निदान मुलांसमोर तरी!"

"का? तुझी मुलं काय आकाशातून पडली?" आत्या म्हणायची आणि भात कालवायची.

तरुणपणी तिने एक पतंग असाच उघडला होता. उष्ण जंगलातून फार पूर्वी कुणी आणलेला, तपकिरी, मागच्या पंखांवर डोळ्यासारखा पिवळा ठिपका. दिसायला अगदी नेहमीच्या जातीचा, म्हणून सगळ्यांनी त्याला त्याच पेटीत टोचून ठेवलेलं. आत्याने त्याचं पोट मोडलं तर पकडीच्या टोकाला आकडा! त्या जातीत आकडा नसतो. वरिष्ठ हसले. एवढ्याशा आकड्यावरून नवी जात ठरवायची म्हणजे पोरखेळ झाला, म्हणाले. आत्या भांडली. लेख परत आला, तिने पुन्हा पाठवला, पुन्हा भांडली, आणि शेवटी जगाला मान्य करावं लागलं. जातीच्या नावामागे शोधणाऱ्याचं आडनाव लागतं. तसं आमचं आडनाव लागलं. संग्रहालयाने तो पतंग फाटकावर रंगवला, तिकिटावर छापला, आणि बाबांनी त्याचा फोटो दुकानात भिंतभर लावला. तसा दुसरा पतंग मात्र कुठेच सापडला नाही. दुर्मीळ आहे, असं म्हणून सगळ्यांनी उलट त्याचा भाव वाढवला.

निवृत्ती जवळ आली तेव्हा तिच्या खोलीत कॅमेरा बसवलेला नवा सूक्ष्मदर्शक आला. हौसेने तिने आपल्या लाडक्या पतंगाचे फोटो काढायला घेतले. पोट तर तिनेच केव्हाचं काढलेलं, त्यामुळे छातीची मागची बाजू उघडी होती. तिथे काहीतरी पिवळट चकाकलं. तिने सुईच्या टोकाने टोकरून पाहिलं. वाळलेला डिंक होता, आणि त्यात करडे खवले रुतलेले. या पतंगाच्या अंगावर करडा रंग औषधालाही नाही.

ती काय समजायचं ते समजली. जुन्या काळी पेट्या मांडताना एखाद्या पतंगाचं पोट गळून पडलं की तो बोडका दिसू नये म्हणून तळाशी पडलेलं एखादं पोट उचलून चिकटवून टाकत. कुणाचं कुणाला, याची फिकीर कोण करतो? पेटी शोभली म्हणजे झालं. आत्याने शेजारच्या पेटीतले करडे पतंग उघडले. त्यांच्या पकडीला तोच आकडा होता, हुबेहूब. म्हणजे तिची ती जात पंखांनी एक होती आणि पोटाने दुसरी. मुळात तसा पतंग झालाच नव्हता.

ती रडली. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, नाक लाल होईस्तोवर रडली. मग तोंड धुतलं आणि म्हणाली, "मीच उभी केली, आता मीच पाडणार."

संचालकांच्या तोंडचं पाणी पळालं. फाटकापाशी त्या पतंगाचा पितळी पुतळा बसायचा होता, कारागिराकडे ओतकाम सुरू झालेलं. "बाई, हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे का?"

"मला आहे ना."

"जाता जाता पायावर धोंडा कशाला मारून घेताय? तो डिंक पुसून टाका. विषय मिटला."

त्या दिवसापासून ती पेटी आत्याच्या कपाटात गेली आणि किल्ली तिच्या पर्समध्ये.

बाबा तर हादरलेच. "ताई, आपल्या घराण्याचं नाव दाराच्या पाटीपलीकडे कधी गेलं नाही. तुझ्यामुळे गेलं. तेही पुसणार?"

"पुसत नाहीत रे. नियमच आहे. जुन्या, खऱ्या नावाखाली ते लिहून ठेवतात. पुढे कुणीही बघितलं की दिसणार, हे नाव हिने दिलं होतं आणि ते चुकलं."

"म्हणजे कायमची चूक? आपल्या नावावर?"

"कायमची."

बाबा ताटावरून उठले आणि कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मला त्यांचा मनस्वी राग आला. नाव मिळवताना ही एकटी भांडली, तेव्हा हे फोटोला चौकट करत होते. आता ही एकटी भांडतेय, तर हे रुसून बसले.

संग्रहालयाने लेखावर आपलं नाव घालू दिलं नाही. तिने घरचा पत्ता घातला आणि लेख धाडला. तो छापूनही आला. इथे मात्र सगळ्यांनी तो वाचलाच नाही, असं ठरवून टाकलं. पुतळ्याचं काम चालूच राहिलं.

निरोप समारंभाला आम्ही सगळे गेलो. बाबाही आले, पण मागच्या खुर्चीत. संचालक छान बोलले आणि शेवटी म्हणाले, बाईंचा तो दुर्मीळ पतंग आमच्या फाटकावर सदैव राहील. टाळ्या पडल्या. आत्याने पुढ्यातला हार बाजूला सारला आणि माईक ओढून घेतला.

"तो पतंग दुर्मीळ नाही. तो नाहीच. कधी नव्हता. मी म्हटलं म्हणून तुम्ही मानलात, तर आता मी म्हणते म्हणून सोडा. दोन मेलेल्या पतंगांना डिंकाने जोडलंय, आणि ते मी ओळखलं नाही. फाटकावर लावायचंच असेल तर हे लावा."

एकही टाळी वाजली नाही. संचालक टेबलावरच्या फुलांकडे बघत राहिले. आत्या खाली उतरून माझ्या शेजारी बसली.

"मागपर्यंत ऐकू गेलं का गं?" तिने विचारलं.

मी वळून पाहिलं. बाबा उभे होते.

"गेलं," मी म्हटलं.