छत्री, कपबशी आणि खालची आळी

माझा आयुष्यातला पहिला धंदा म्हणजे एक भोंगा, एक बॅटरी आणि भाड्याची बैलगाडी. भोंग्याला पक्ष नसतो, हे माझं त्या वेळचं तत्त्वज्ञान. सकाळी मी 'छत्रीवर शिक्का मारा' म्हणून कोकलायचो आणि उन्हं कलली की त्याच घशानं 'कपबशीला विजयी करा' म्हणायचो. बैल दोन्ही वेळेला सारखेच कंटाळलेले असत. बहात्तरच्या दुष्काळात, नेवाशाच्या वाटेवरच्या आमच्या गावात, ग्रामपंचायतीच्या एका जागेची पोटनिवडणूक लागली होती.

जागा एकच, पण तिच्यावर नळ अडला होता. पंचायतीत निम्मे सदस्य सरपंचांचे, निम्मे विरोधातले. नदीकाठच्या विहिरीवरून निघालेली पाइपलाइन सरपंचांच्या दारात येऊन थांबलेली. ती पुढं खालच्या आळीत न्यायची की नाही, हे या एका मतावर ठरणार होतं. तोवर खालच्या आळीच्या बायका नदीच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीनं घागर भरत होत्या.

आळीतला शिंपी उभा राहिला. त्याची म्हातारी आई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि पहाटे झिऱ्यावर जायची. "आईच्या डोक्यावरची घागर खाली उतरवायची, एवढंच माझं भाषण," असं तो म्हणायचा. त्याला निशाणी हवी होती शिलाई मशीन. निवडणुकीच्या साहेबांनी दिली कपबशी. विरोधात सरपंचांचा मेहुणा. त्याला छत्री मिळाली. पावसाचा थेंब नाही त्या साली छत्री! मी भोंग्यावर हे वाक्य जरा लांबवून म्हणायचो, आणि दोन्ही बाजूंचे लोक हसायचे.

सरपंचांना गाव आबा म्हणायचं. आबा भाषणं करत नसत. ते बेलभंडार उचलायला लावत. खंडोबाच्या पायरीवर परात, परातीत भंडारा, त्यावर बेलाची पानं. एकेकानं पुढं यायचं, पान आणि चिमूटभर भंडारा उचलायचा आणि देवासमोर बोलायचं, "छत्रीवरच शिक्का मारीन." असं उचललेलं कुणी मोडल्याचं आमच्या गावात ऐकिवात नव्हतं.

"उचला बाबांनो," आबा पायरीवर विड्याचं पान लावत बसले होते. "जबरदस्ती कुणावर न्हाई. ज्याला उचलायचा न्हाई त्यानं उद्या खडीवर येऊ नये, एवढंच."

खडीवर कुणाला घ्यायचं हे आबांचा मुकादम ठरवायचा. खालच्या आळीनं रांगेनं भंडारा उचलला. शिंप्याच्या आईनंही उचलला.

दुसऱ्या दिवशी शिंपी माझ्या गाडीला आडवा आला.

"भोंगेवाले, गाडी देवळाकडं घ्या."

"का हो भाऊ, कपबशीला नवस बोलायचाय?"

"आळी गोळा करा. मीबी भंडारा उचलून घेणार."

मी म्हटलं, "अहो, त्यांनी कालच उचललाय की."

शिंपी हसला. गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत म्हणाला, "गिऱ्हाईकाचं नवं माप घेतलं की जुनं कोन बघतं? नव्या भंडाऱ्यानं कालचा जातो."

आळीतला एक म्हातारा हे ऐकून खेकसला, "देवाला टेप लावतो व्हय रं शिंप्या?"

"लावतो की, तात्या! तुमच्या बंडीला लावली तवा बरी चालली."

पिकलेल्या हशात भंडारा उचलला गेला. शिंप्याच्या आईनं उचलताना लेकाकडं नाही, देवाकडं पाहिलं. मला ते दिसलं, पण मी तेव्हा भोंग्याची वायर सोडवत होतो.

मतदानाला शाळेत खालची आळी झाडून आली. पाणी नव्हतं म्हणून अंघोळी नव्हत्या, पण कपाळं भंडाऱ्यानं पिवळी. मत देऊन बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडावर असं समाधान, जणू देवदर्शन झालं. शिंप्यानं मला डोळा मारला. गुलालाचं पोतं मी आधीच गाडीत टाकलं होतं. कुणी का येईना, गुलाल लागणारच.

मोजणी शाळेतच झाली. मी खिडकीच्या गजांना लटकलेला. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी पहिली मतपत्रिका उलगडली आणि म्हणाले, "बाद." दुसरी, "बाद." तिसरी उजेडात धरली. छत्रीवर एक शिक्का, कपबशीवर एक. दोन्ही स्वच्छ, कुठं फिसकटलेला नाही.

"ह्या गावात काय साथ आलीय का हो?" साहेबांनी विचारलं.

बाद मतांचा ढीग टेबलावरून घसरायला लागला. त्यात अख्खी आळी होती. वरच्या घरांच्या मतांवर छत्री निवडून आली. कपबशीच्या नावावर एकच मत निघालं, ते शिंप्याचं स्वतःचं.

बाहेर आई कडुनिंबाखाली बसली होती. शिंपी तिच्यासमोर उभा राहिला.

"आये, तूबी दोन्हीवर?"

"मंग? दोघांचाबी उचलल्याला. कुनाला खोटं पाडू? तुला का देवाला?"

"अगं, पन मत वाया गेलं ना!"

"मत ग्येलं. शब्द न्हाई ग्येला."

या वाक्यावर माझ्यासारख्या नाटक्यानं टाळी मागितली असती. पण शिंप्याचं तोंड पाहून मी गाडीतल्या गुलालाच्या पोत्याची गाठ आवळली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. त्यामुळं तिच्यावर ओरडायचीही सोय उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी छत्रीची मिरवणूक निघाली. भोंगा अर्थातच माझा. मेहुणे गाडीत उघडी छत्री धरून बसले होते. वर आभाळ कोरडं ठणठणीत. पुढं आबा सगळ्यांना हात जोडत होते. खालच्या आळीच्या तोंडाशी मी आवाज चढवला, "छत्रीचा विजय असो!" आळीतून कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड मारला नाही. छत्रीला दिलेला शब्द त्यांचाही होता ना!

शिंप्याची मशीन चालू होती. त्यानं मान वर केली नाही. त्याची आई घागर घेऊन बाहेर आली, मिरवणूक जायची वाट बघत कडेला थांबली, कपाळावर उडालेला गुलाल पदरानं पुसला आणि गर्दी सरल्यावर नदीच्या वाटेला लागली. पहाटेचा झिरा त्या दिवशी तिचा चुकला होता.