जहाजाची सिस्टरबाई

साप चावलेला माणूस सौंसरच्या सरकारी दवाखान्यात आला की व्हरांड्यातली गर्दी मागे सरकायची आणि सिस्टरबाई पुढे यायच्या. पायाळू बाळंतपण असो की विळ्याने तुटलेलं बोट, त्यांचा हात कधी हलला नाही. त्यांचं नाव गावात फारसं कोणी घेत नसे. सगळ्यांसाठी त्या सिस्टरबाई.

तो हात हललेला मी एकदाच पाहिला, एका पत्रापायी.

मी तेव्हा तिथल्या शाळेत शिकवत होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सिस्टरबाईंनी पेपरात एका जहाज बांधणाऱ्या कंपनीची जाहिरात वाचली आणि नागपूरहून शेअरचे फॉर्म आणले. एक स्वतःसाठी, एक माझ्यासाठी, एक जवळच्या रामाकोना गावच्या डोमाजींसाठी. डोमाजींचा संत्र्याचा लहानसा बगीचा होता. आम्ही तिघांनीही समुद्र पाहिला नव्हता. "जगाले जहाज लागतेच ना बाई, भेता काऊन?" असं त्या म्हणाल्या आणि आम्ही सह्या केल्या.

चार वर्षांनी कंपनीचं पत्र आलं. इंग्रजी, म्हणून ते मी वाचून दाखवलं. कंपनी अडचणीत आहे, जुन्या भागधारकांनी आणखी शेअर घ्यावेत, ही शेवटची संधी. सिस्टरबाईंच्या कपातला चहा बशीत सांडला.

"शेवटची कोनाची बाई? आपली का त्याइची?"

माझ्याकडे मुलीच्या नागपूरच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे होते, डोमाजींकडे विहिरीच्या मोटरचे. डोमाजी म्हणत होते, "आता नाही टाकले तं पयलेचेबी बुडतीन." मुदतीच्या त्या तीन आठवड्यांत आम्हाला जेवण गोड लागलं नाही. पत्रासोबतचा फॉर्म कपाटात होता, पण घरात कोणी परका येऊन बसल्यासारखं वाटायचं.

सिस्टरबाईंनी रजा टाकली, पांढुर्ण्याहून गाडी धरली आणि त्या एकट्या कंपनीच्या समुद्रकाठच्या गावी गेल्या. गेटवर चौकीदाराने अडवलं, तर त्यांनी शेअरचा कागद दाखवून "मी मालक हाये" म्हटलं. तो हसला, पण त्याने आत सोडलं.

परत आल्या त्या सरळ माझ्या घरी. डोमाजींनाही बोलावून घेतलं.

"अर्धं जहाज उभं हाये," त्या म्हणाल्या. "खाली आठ-दहा मानसं बसून होते. एकाचा हात भाजलेला, वर फडकं बांधलेलं. म्या म्हनलं, इथं दवाखाना नाही का? तं दाखवला त्यानं. कुलूप! सा महिन्यांपासून. पगारबी नाही. ज्याइनं मानसाच्या दवाईचे पैसे पयले तोडले, ते आपले पैसे काय सांभाळतीन? एक पैसा नोका टाकू."

डोमाजी उसळले. "टाका म्हनूनबी तुमीच सांगतलं होतं!"

"हाव. तवा मले भेव वाटलं नाही, तेच चुकलं."

आम्ही फॉर्म भरले नाहीत. मुदत गेली आणि खरी भीती त्यानंतर सुरू झाली. सरकार कंपनी वाचवणार, भाव वर जाणार, अशा बातम्या यायच्या. डोमाजींनी बोलणं सोडलं. रोज ड्यूटीला जाताना सिस्टरबाई माझ्या दारात थांबायच्या. "काही आलं का पेपरात? भेऊन राहिलो बाई. माह्या शब्दानं तुमच्या पोरीचं नुकसान झालं तं?" मी नाही म्हणायचे, पण त्या गेल्या की पेपर पुन्हा पहिल्या पानापासून चाळायचे.

वर्षभराने कंपनीला टाळं लागलं. आमचे जुने शेअर बुडाले. नवे पैसे टाकणाऱ्यांचे दुप्पट बुडाले. माझी मुलगी कॉलेजात गेली. सिस्टरबाई बातमी ऐकून खाली बसल्या आणि रडल्या. सुटकेने की त्या भाजलेल्या हाताच्या आठवणीने, मी विचारलं नाही.

पुढे त्यांची पांढुर्ण्याला बदली झाली. बस सुटायच्या वेळी डोमाजी धावत आले आणि त्यांनी खिडकीतून संत्र्यांची पिशवी सिस्टरबाईंच्या मांडीवर ठेवली.

"राग गेला का?" सिस्टरबाईंनी विचारलं.

"राग कुठं होता बाई," डोमाजी खाली बघत म्हणाले. "मीबी भेऊनच होतो."

सिस्टरबाईंनी खिडकीच्या गजावरच्या त्यांच्या हातावर आपला हात ठेवला, आणि बस हलेपर्यंत काढला नाही.